तीस निर्व्यसनी माणसे हवीत

खुशालराव इंगोले यांच्या मुलीचे पदव्युत्तर शिक्षण शेवटी अडले ते निर्व्यसनी माणसांवाचून. गुणवत्ता, ओळख, एखादी राहून गेलेली सही, यांपैकी कशावाचून ते अडले असते तर खुशालरावांनी समजून घेतले असते. या गोष्टींवाचून माणसे अडतात हे त्यांनी उपशिक्षणाधिकारी म्हणून आयुष्यभर पाहिले होते, आणि काही वेळा स्वतः अडवूनही पाहिले होते. परंतु तंबाखू आणि सुपारी कधीही न खाल्लेले तीस प्रौढ पुरुष मिळत नाहीत म्हणून एखाद्या मुलीची परीक्षा पुढे जावी, हे त्यांना त्यांच्या अमरावती शहराविषयी कोणीतरी मुद्दाम पसरवलेले खोटे वाटले.

जुईली अकोल्याच्या एका दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन या विषयात पदव्युत्तर पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. प्रवेशाचा गड आपण एकहाती जिंकला, असे खुशालरावांचे मत होते. देशपातळीवरची प्रवेश परीक्षा जुईलीने दिली होती, वर्षभराची इंटर्नशिप तिनेच केली होती आणि दंत परिषदेची नोंदणीही तिच्याच नावाची होती. पण अधिवासाचा दाखला, शारीरिक क्षमतेचे प्रमाणपत्र आणि अभ्यासासाठी ती घरी बसली त्या वर्षात अन्यत्र कोठेही शिकत नव्हती असे शपथपत्र, हे सारे खुशालरावांचे कर्तृत्व. त्या शपथपत्राच्या त्यांनी सात साक्षांकित प्रती करून ठेवल्या होत्या. लागली एकही नाही, कारण सर्व काही संगणकावर चढवायचे होते. तरीही तहसील कचेरीच्या त्या फेऱ्यांची हकिगत ते पाहुण्यांना अशा तपशिलाने सांगत की परीक्षा दिली कोणी, असा प्रश्न पाहुण्यांना पडावा.

कॉलनीने तेव्हाही आपले कर्तव्य केले होते. शेजारचे अॅडव्होकेट रामराव यांनी शाखेचे नाव दोनदा विचारून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे दात काढाचा नाई, बसवाचा नाई, नुसता पाहाचा? मंग पाहून काय करते पोरगी?" दातांना तारा बांधण्याची शाखा घ्यावी, तीत बरकत आहे, असा सल्ला त्यांनी दिला. कॉलनीतले पौरोहित्य करणारे मोरोपंत गुरुजी यांनी जबड्याची शस्त्रक्रिया सुचवली, कारण त्यांच्या एका यजमानाच्या पुतण्याने त्या शाखेवर नागपुरात बंगला बांधला होता. तोंडाच्या आतली कातडी पाहून रोग ओळखायचा, कर्करोग व्हायच्या आधी त्याची पावले ओळखायची, हे काम कॉलनीला पटले नाही. रोग झाल्यावर ओळखणारा डॉक्टर त्यांना ठाऊक होता. होण्याआधी ओळखणारा माणूस त्यांना ज्योतिषाच्या जवळचा वाटला, आणि ते खाते गुरुजींकडे होते.

आता या पदवीचा एक नियम असा की नुसते पेपर लिहून ती मिळत नाही. तीन वर्षांत परिसंवाद करायचे, परिषदेत निबंध वाचायचा आणि स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा. तो परीक्षेच्या सहा महिने आधी विद्यापीठात पोचला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. जुईलीचा विषय होता तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांच्या आणि न खाणाऱ्यांच्या गालातील पेशींची तुलना. खाणारे तीस, न खाणारे तीस, सर्व पुरुष, सर्व चाळिशीच्या पुढचे.

या योजनेला सर्वप्रथम अडवले ते महाविद्यालयाच्या नैतिकता समितीने, आणि त्याला कारण खुशालराव होते. रुग्णांनी सही करायच्या संमतिपत्राचा मराठी अनुवाद त्यांनी मोठ्या हौसेने स्वतःकडे घेतला होता. 'सदरहू सहभागी व्यक्तीच्या मुखविवराच्या अंतःस्तराचे' अशी सुरुवात करून त्यांनी एका वाक्यात पान भरले होते. समितीवर नियमाप्रमाणे एक सर्वसामान्य नागरिक असतो. त्याने शेरा मारला, 'मला समजले नाही.' खुशालरावांना हा शेरा फार लागला. सर्वसामान्य नागरिकाला समजेल असे मराठी शासनाने कधी लिहिले आहे काय, असा त्यांचा सवाल होता, आणि तो त्यांनी अगदी गंभीरपणे विचारला होता. जुईलीने गुपचूप चार सोपी वाक्ये लिहिली आणि ती मंजूर झाली.

खाणारे तीस बघता बघता मिळाले. अकोट आणि तेल्हाऱ्याच्या एसटीतून उतरलेली माणसे खुर्चीत बसायच्या आधीच सांगून मोकळी होत, की सकाळपासून दोन पुड्या झाल्या, बाई, अन् तिसरी खिशात आहे. त्यांनी काही लपवले नाही. न खाणारे मात्र येईनात. जुईलीचे मार्गदर्शक डॉ. गजेंद्र सर म्हणाले की दवाखान्यात बसून निरोगी तोंड भेटत नसते, ते बाहेर शोधावे लागते. हे ऐकताच खुशालरावांचे डोळे चमकले.

"आपल्या कॉलनीतच साठ आहेत," ते म्हणाले. "तीस तुले देतो, तीस राखीव ठेवतो."

शैलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणे क्षणभर थांबवले, नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा लाटायला लागल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असे काही क्षण कमावले होते की ज्यांत बोलायचे नसते.

कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे खुशालराव अध्यक्ष होते. निवृत्त प्राध्यापक, वकील, गुरुजी, बँकेतून निवृत्त झालेले समोरच्या घरातले धर्मपाल वानखडे, असे सर्व भले लोक त्यात होते. खुशालरावांनी सभा बोलावली आणि विज्ञानाला आज चारित्र्याची गरज आहे असे सांगितले. चारित्र्य म्हटल्यावर हात वर होणारच. एका खोलीत तीसहून अधिक निर्व्यसनी पुरुष एकाच वेळी सापडल्याचा तो बहुधा वऱ्हाडातला पहिलाच प्रसंग असावा. धर्मपालांनी तेवढे विचारले, "इंगोले साहेब, सुपारी पण धरून हाय ना हे?" या शंकेकडे सभेने सौजन्याने दुर्लक्ष केले.

रविवार सोडून वार धरला, दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठरल्या, आणि निर्व्यसनी मंडळी अकोल्याला निघाली. मूर्तिजापूरला नाश्त्यासाठी गाड्या थांबल्या. आलूबोंडे झाल्यावर निम्मी मंडळी पाय मोकळे करायला म्हणून हॉटेलामागच्या पानठेल्याकडे गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. पुढच्या सबंध प्रवासात गाडीत वेलदोड्याचा दाट वास भरून होता. आपली माणसे डॉक्टरकडे जाताना मुखशुद्धी करून जातात, ही गोष्ट खुशालरावांना अतिशय संस्कारशील वाटली.

तपासणीची रीत साधी होती. पहिल्या खोलीत जुईली छापील प्रश्न विचारी, तोंड उघडायला लावी, वरच्या-खालच्या दातांतले अंतर मोजी, दिव्याच्या उजेडात गाल पाही. पात्र ठरलेला माणूस आतल्या दाराने दुसऱ्या खोलीत जाई, तिथे त्याच्या गालातून पेशींचा नमुना घेत. अपात्र ठरलेला, आभार ऐकून, आला त्याच दाराने बाकावर परत येई. कोण का वगळला हे जुईली कोणालाही सांगणार नव्हती, तसा नियमच होता. परंतु कोण कुठल्या दाराने बाहेर पडला हे बाकावरच्या सर्वांना दिसत होते. या महाविद्यालयाच्या बांधकामात गोपनीयतेचा विचार झालेला नव्हता.

पहिल्या तासाभरात बाक भरला. दुसऱ्या खोलीत एकटे धर्मपाल बसले होते.

रामराव आत गेले तेव्हा त्यांनी प्रश्नपत्रिकाच हाती मागितली. तंबाखू खाता काय, या प्रश्नाला त्यांनी नाही असे उत्तर दिले. जुईलीने त्यांचा गाल आरशाने बाजूला केला, आत थोडा वेळ पाहिले आणि हळूच विचारले, की काका, कोणत्या बाजूला ठेवता. "डाव्या," रामराव म्हणाले, आणि मग वकिलाला साजेल अशा शांतपणे त्यांनी खुलासा केला की प्रश्न खाण्याविषयी होता. ते खात नव्हते. ते फक्त ठेवत आणि नंतर थुंकत. चावणे नाही, गिळणे नाही, तर खाणे सिद्ध कसे होते? तेवढ्यात मोरोपंत गुरुजींनी, आपली पाळी नसताना, दारातून आपले शास्त्र सांगितले. सुपारी ही पूजेला लागते, विड्याला लागते, श्राद्धाला लागते. जी वस्तू देवापुढे ठेवतात ती व्यसन असूच शकत नाही. तंबाखूबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचे दात त्यांच्या वतीने बोलत होते.

एक निवृत्त प्राध्यापक पोट साफ होण्यासाठी सकाळी चिमूटभर घेत, म्हणून ते औषध होते. दुसरे एक गृहस्थ तंबाखूच्या काळ्या मंजनाने दिवसातून चार वेळा दात घासत, म्हणून ती स्वच्छता होती. तिसरे केवळ दुसऱ्याने मळला तर घेत, म्हणून तो शेजारधर्म होता. कॉलनीत तंबाखू मुबलक होता, व्यसन मात्र कोणालाच नव्हते.

दुपारपर्यंत सहा माणसे पात्र ठरली. बाकावरून एक विनंती आत गेली, की नमुना नाही घेतला तरी चालेल, पण आम्हाला पाच मिनिटे त्या दुसऱ्या खोलीत बसू द्यावे. जुईलीने नकार दिला.

परतीच्या प्रवासात कोणी वेलदोडा खाल्ला नाही. घरी आल्यावर खुशालरावांनी मुलीला फोन लावला आणि मोरोपंत गुरुजींसारखा माणूस का वगळला याचा जाब विचारला.

"सांगता येत नाई, बाबा."

"मी बाप हाय तुया."

"माये बाप हाय तुमी. गुरुजींचे नाई."

यानंतरचे दिवस खुशालरावांना फार जड गेले. शैलाताई भिशीतून रोज नवी बातमी आणत. गुरुजींच्या पत्नींनी त्यांच्या सोवळ्याच्या पिशवीची झडती घेतली होती. प्राध्यापकांच्या सुनेने नातवाला आजोबांचा मुका घ्यायला बंदी केली होती. मंडळाच्या बैठकीत 'तपासणीच्या निकषांविषयी तीव्र नापसंती' असा ठराव आला. तो मांडला रामरावांनी आणि अध्यक्ष म्हणून त्यावर सही करायची पाळी खुशालरावांवर आली. त्यांनी ती केली. सही करताना त्यांचा हात कधी अडला नव्हता.

शेवटी त्यांना आपले जुने शस्त्र आठवले. ज्या शपथपत्राच्या जोरावर मुलीला प्रवेश मिळाला, असे ते समजत, तेच इथे का चालू नये? रामरावांनी मसुदा केला, 'माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे मी निर्व्यसनी आहे', आणि कॉलनीतल्या तमाम पुरुषांनी नोटरीपुढे सह्या केल्या. तो गठ्ठा घेऊन खुशालराव स्वतः अकोल्याला गेले. डॉ. गजेंद्र सरांनी तो आदराने दोन्ही हातांनी घेतला, वरची दोन-तीन पाने वाचली आणि विचारले, "सर, हे गालाच्या पेशींना वाचून कोण दाखवणार?"

संस्थेच्या आवारात, मुलीच्या गुरूकडून, आणि तेही 'सर' म्हणून झालेला हा अपमान खुशालराव गठ्ठ्यासह परत घेऊन आले. रात्री जेवताना त्यांनी जुईलीपुढे, ती शनिवारची घरी आली होती, अखेरचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव रामरावांचा होता पण तोपर्यंत त्यांना तो आपलाच वाटू लागला होता. सगळ्यांना पात्र लिहून टाकावे. तीस पूर्ण होतात, प्रबंध वेळेत जातो, कॉलनीची अब्रू राहते. नुकसान कोणाचेच नाही.

जुईलीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"बाबा, खाणारे तीस अन् लपून खाणारे तीस, यांचे गाल सारखेच निघतीन. मंग मी प्रबंधात काय लिवू? तंबाखूनं काई होत नाई म्हणून? माया नावानं? उद्या तेल्हाऱ्याचा कोनी पेशंट ते दाखवून म्हणन, बाई, तुमीच तं लिवलं."

कॉलनीची अब्रू राखण्यासाठी तंबाखू निर्दोष सुटणार होता, हे खुशालरावांच्या ध्यानात आले नव्हते. रामरावांच्या मात्र आले असावे, असा एक दुष्ट विचार त्यांच्या मनात येऊन गेला. बऱ्याच वर्षांत त्यांच्या मनात आलेला हा पहिला अचूक विचार होता.

मग माणसे एकेक करून गोळा झाली, आणि त्यात कॉलनीचा वाटा नव्हता. धर्मपालांनी भातकुलीहून आपले व्याही आणि विहारातले काही लोक आणले. त्यांतलेही निम्मे पहिल्या दारानेच परतले. पंचशीलात सुपारीचा उल्लेख नाही, असे त्यांतल्या एकाने सांगून पाहिले, तेव्हा धर्मपाल त्याला म्हणाले, "भाऊ, गुरुजीच्या पोथीतही नवता. तेही याच दारानं परतले." अकोल्याच्या पोहणाऱ्यांच्या मंडळातून चार मिळाले. महाविद्यालयातल्या कोणाकोणाचे काका, मामा आले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी एकोणतीस झाले होते.

तिसावे खुशालराव असणार होते. आपण स्वतः अजून बसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांना नियतीची योजना दिसली. सहभागी नातेवाईक नसावा असे नियमांत कोठेही नाही, हेही त्यांनीच शोधून काढले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर रामरावही निघाले. आठ दिवस त्यांनी गालात काही ठेवले नव्हते, आणि विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनाचा हक्क असतो तसा तो आपल्यालाही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते आधी आत गेले. परत आले ते पहिल्याच दाराने, हातात एक चिठ्ठी घेऊन. डाव्या गालातला पांढरा डाग आठ दिवसांत गेला नव्हता, त्याचा तुकडा काढून तपासायचा होता. ते बाकावर बसले आणि चिठ्ठीची घडी घालत राहिले.

खुशालराव आत गेले. जुईलीने पांढरा कोट आणि हातमोजे घातले होते, आणि तिने त्यांना इतर सर्वांप्रमाणे बसायला सांगितले. मग कागद पुढे घेऊन तिने छापील भाषेत सुरुवात केली. नाव, वय, व्यवसाय. तिच्या तोंडून 'निवृत्त शासकीय अधिकारी' हे शब्द ऐकताना त्यांना बरे वाटले.

"तंबाखू, कोणत्याही स्वरूपात?"

"नाही." हे खरे होते. त्यांनी ते किंचित मोठ्याने सांगितले, बाकावर ऐकू जावे म्हणून.

"सुपारी, कोणत्याही स्वरूपात?"

खुशालरावांनी तोंड उघडले आणि तसेच राहिले. दोन्ही जेवणांनंतर बडीशेपेबरोबर भाजक्या सुपारीचे चार तुकडे, हे त्यांचे गेल्या चाळीस वर्षांचे जेवण संपल्याचे लक्षण होते. सुपारी खाणे म्हणजे पानठेल्यावरची माणसे करतात ते. घरात, चांदीच्या वाटीतून, शैलाताईंनी पुढे केलेली वस्तू त्या सदरात येते, असे त्यांना सभा बोलावतानाही वाटले नव्हते आणि ठराव करतानाही नाही. आत्ता या खुर्चीत वाटले.

नाही म्हटले असते तर प्रबंध पूर्ण होता. जुईलीची लेखणी कागदावर टेकलेली होती आणि तिची नजरही कागदावरच होती, वर नव्हती. ती त्यांना वेळ देत आहे की संधी, हे त्यांना कळेना. आयुष्यात त्यांनी हजारो कागदांवर, न वाचता, 'बरोबर आहे' असे लिहिले होते.

"जेवणानंतर," ते म्हणाले. "रोज. दोन्ही वेळा."

जुईलीने लिहिले. मग लेखणी ठेवली आणि छापील भाषाही ठेवली.

"मले मालूम होतं, बाबा. आई तं माया लहानपनापासून देऊन राहिली तुमाले."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तुमी सांगाल का नाई, ते पाह्याचं होतं. आता आ करा."

"आता कायले? मी तं बाद झालो."

"प्रबंधातून झाले. पेशंट म्हनून बसा."

त्यांनी तोंड उघडले. उघडले तेवढेच पुरेसे आहे असे ते समजत होते, पण ती अजून, अजून म्हणत राहिली, आणि अजून काही होईना. तिने मोजपट्टी लावली, दोनदा, आणि कागदाकडे न पाहता आकडा मनातच ठेवला. गाल आतून ताठ होत चालले होते. फार नाही, ती म्हणाली. आज बंद केली तर इथेच थांबेल. खुशालरावांना गेली दोन-तीन वर्षे पेढा अर्धा करून खावा लागत होता, आणि ते त्याला वयपरत्वे आलेला संयम समजत होते.

ती बाहेर जाऊन गजेंद्र सरांना फोन करून आली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने एकोणतीस चालतील, असे सर म्हणाले होते. फक्त तिसावा का वगळला त्याचे कारण प्रबंधात लिहावे लागणार होते.

"नावासकट?" खुशालरावांनी विचारले.

"नाव नसते. नुसतं कारन."

नाव नसते हे ऐकून त्यांना हायसे वाटले, आणि लगेच थोडे वाईटही वाटले. ते उठले, सदरा नीट केला. आतल्या दाराकडे एकदा पाहिले आणि आल्या दाराने बाहेर आले.

रामरावांनी त्यांना त्या दारातून येताना पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी तेज आले. ते बाकावर सरकले, जागा करून दिली.

"काहून?" त्यांनी विचारले.

"सुपारी."

रामराव मोठ्या मनाने हसले. त्यांनी चिठ्ठी एका खिशात घातली, दुसऱ्या खिशातून एक छोटी डबी काढली, अंगठ्याने झाकण उडवले आणि ती खुशालरावांपुढे धरली.

"घ्या. मनाले लावून घेऊ नका. सुपारीनं काय होते?"

डबीत बारीक कातरलेली, भाजकी सुपारी होती. खुशालरावांचा उजवा हात, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्यांना न विचारता निघाला आणि निम्म्या वाटेत थांबला. आतून जुईली पुढच्या पेशंटचे नाव पुकारत होती. खुशालरावांनी तो हात डाव्या हाताने धरला, परत आणला आणि मांडीखाली घालून त्यावर बसले.